घटक २ : मूलभूत वाङ्मयीन संज्ञा (पाटण आणि सातारा-सांगली परिसरातील उदाहरणांच्या आधारे)

२.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

• साहित्याच्या अभ्यासात संज्ञांची आवश्यकता का असते, हे सांगता येईल.
• छंद, वृत्त, भावगीत, खंडकाव्य, महाकाव्य या संज्ञांतील भेद स्पष्ट करता येतील.
• घटना व कथानक, तसेच लेखक व निवेदक यांतील फरक ओळखता येईल.
• संहिता व प्रयोग, शब्दशक्ती, रूपक, प्रतीक आणि रस या संकल्पनांचे विवेचन करता येईल.
• वाचलेल्या किंवा ऐकलेल्या रचनेविषयीचे आपले मत या संज्ञांच्या साहाय्याने मांडता येईल.

२.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखादी कविता वाचल्यावर ‘छान आहे’ असे आपण म्हणतो. ते खोटे नसते. पण ते अपुरे असते. काय छान आहे, ते कशामुळे छान झाले आणि दुसऱ्या कवितेहून ते वेगळे कसे, हे सांगायचे असेल तर नेमके शब्द लागतात. अशा नेमक्या आणि ठरलेल्या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या शब्दांना ‘संज्ञा’ म्हणतात. डोंगरउताराच्या शेतीत राबणारा माणूस तांबडी, मुरमाड, खडकाळ असे जमिनीचे प्रकार नावानिशी ओळखतो, म्हणूनच कोणत्या पट्टीत काय पेरावे हे त्याला ठरवता येते. साहित्याच्या अभ्यासातही नाव माहीत झाले की फरक दिसू लागतो.

संज्ञा म्हणजे परदेशातून किंवा केवळ जुन्या संस्कृत ग्रंथांतून आलेले अवघड शब्द, अशी अनेकांची समजूत असते. ती दूर व्हावी म्हणून या घटकातील उदाहरणे आपण पाटण तालुका आणि त्याच्या भोवतालचा सातारा-सांगली परिसर येथून घेणार आहोत. पाटण तालुक्यातील चाफळ हे गाव यासाठी विशेष सोयीचे आहे. समर्थ रामदासांनी १६४८ मध्ये येथे रामाचे मंदिर उभारले आणि पुढे सुमारे अडीच शतकांनी, १८९९ मध्ये, याच गावी कवी यशवंत (यशवंत दिनकर पेंढरकर) यांचा जन्म झाला. एक संतकवी, तर दुसरा आधुनिक भावकवी. एका गावाशी नाते असलेले हे दोन कवी समोर ठेवले तरी काव्यविषयक बहुतेक संज्ञा उलगडता येतात.

२.२ विषय-विवेचन

२.२.१ साहित्य आणि वाङ्मय

‘साहित्य’ हा शब्द ‘सहित’ यापासून बनला आहे. भामह या प्राचीन संस्कृत काव्यशास्त्रकाराने शब्द आणि अर्थ यांच्या सहभावाला काव्य म्हटले. शब्द आणि अर्थ एकमेकांना तोलून धरतात तेव्हा साहित्य निर्माण होते, असा त्याचा आशय आहे. ‘वाङ्मय’ म्हणजे जे वाणीचे बनलेले आहे ते. या संज्ञेत लिखित रचनेप्रमाणेच मौखिक रचनाही सामावते.

हा भेद परीक्षेपुरता नाही. आपल्या आजीने जात्यावर गायिलेली ओवी छापली गेलेली नसते. म्हणून ती अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही काय? वाङ्मय या संज्ञेचा अर्थ ज्याला कळला, तो या प्रश्नाचे उत्तर ‘होऊ शकते’ असेच देईल. धरणामुळे गावे उठली, पोटासाठी माणसे मुंबईला गेली, गिरणी आली आणि जात्याची घरघर थांबली. अशा प्रदेशात कोणत्या रचनेला वाङ्मय म्हणायचे, यावर कोणती रचना नोंदवली जाईल आणि कोणती विसरली जाईल हे अवलंबून असते.

२.२.२ आशय, अभिव्यक्ती आणि घाट

कलाकृतीतून जो अनुभव, विचार किंवा भाव व्यक्त होतो त्याला ‘आशय’ म्हणतात. तो ज्या भाषेतून, प्रतिमांतून, रचनेतून प्रकट होतो तिला ‘अभिव्यक्ती’ म्हणतात. दोहोंच्या एकजिवातून कलाकृतीला जे रूप येते ते तिचा ‘घाट’ किंवा ‘आकृतिबंध’ होय. मडके आणि त्यातील पाणी असे हे नाते नाही. पाणी दुसऱ्या भांड्यात ओतता येते. कवितेतील आशय मात्र वेगळ्या शब्दांत सांगितला की तोच राहत नाही. म्हणूनच कवितेचा सारांश म्हणजे कविता नव्हे.

सातारा जिल्ह्यातील मर्ढे या गावावरून ज्यांचे आडनाव आले, त्या बा. सी. मर्ढेकर यांनी घाटाचा विचार अधिक सूक्ष्मपणे केला. कलाकृतीचे घटक एकमेकांशी संवाद, विरोध आणि समतोल अशा लयींनी बांधलेले असतात, अशी मांडणी त्यांनी केली. कवितेतील दोन प्रतिमा एकमेकींना पूरक आहेत की एकमेकींना छेद देतात, हे तपासताना मर्ढेकरांच्या या संज्ञा उपयोगी पडतात.

२.२.३ छंद, वृत्त आणि ओवी

काव्यातील नियमबद्ध लयीच्या रचनेचे तीन ढोबळ वर्ग केले जातात.

(अ) अक्षरगणवृत्त : यात प्रत्येक चरणातील अक्षरांची संख्या आणि त्यांचा लघु-गुरू क्रम ठरलेला असतो. तीन अक्षरांचा एक ‘गण’ मानतात. रामदासांचे २०५ मनाचे श्लोक ‘भुजंगप्रयात’ वृत्तात आहेत. या वृत्ताच्या चरणात बारा अक्षरे, म्हणजे चार ‘य’ गण असतात. ‘य’ गण म्हणजे एक लघु आणि दोन गुरू. उदाहरणासाठी रचलेला पुढील चरण पाहा :

नदीच्या । तिरी हे । जुने गा । व माझे

प्रत्येक गटातील पहिले अक्षर लघु व पुढील दोन गुरू आहेत. हा चरण मोठ्याने चार वेळा म्हणा. सापाच्या वळणदार चालीवरून वृत्ताला हे नाव का पडले असावे, ते कानाला कळेल.

(आ) मात्रावृत्त किंवा जाती : यात अक्षरे न मोजता मात्रा मोजतात. लघु अक्षराची एक आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरतात. आधुनिक मराठी भावगीते मोठ्या प्रमाणात या प्रकारात आहेत.

(इ) छंद : यात लघु-गुरू क्रमाचे बंधन नसते, अक्षरसंख्या आणि उच्चाराची लय महत्त्वाची असते. ओवी आणि अभंग हे या वर्गातील मराठीचे खास रचनाप्रकार आहेत.

ग्रंथातील ओवीत साधारणतः चार चरण असतात. पहिले तीन यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड व मोकळा. हे रूप लक्षात यावे म्हणून येथे एक ओवी रचून दिली आहे :

कोयना येई डोंगरातून । केरा मिळे तीस धावून ।
पाटण पाहे काठावरून । संगम दोघींचा ॥

चौथ्या चरणात यमक तुटते आणि बोलणे पूर्ण झाल्याचा भास होतो. ओवी निरूपणासाठी एवढी सोयीची का ठरली, याचे उत्तर या रचनेत आहे. ती गद्याइतकी मोकळी आहे आणि तरीही स्मरणात राहते. ‘दासबोध’ हा वीस दशक आणि दोनशे समासांचा ग्रंथ रामदासांनी ओवीतच रचला. त्याउलट मनाला थेट उपदेश करायचा असताना त्यांनी ठाशीव लयीचे भुजंगप्रयात योजले. कवी एकच, पण हेतू बदलला तसा रचनाबंध बदलला. वृत्त ओळखून थांबू नये. ‘हेच वृत्त का?’ हा पुढचा प्रश्न विचारावा.

जात्यावरची ओवी या ग्रंथातील ओवीहून वेगळी आहे. तिची लांबी हाताच्या फेऱ्याशी आणि श्वासाशी जुळते. तिला एक कर्ता नसतो. तीच ओवी दुसऱ्या गावात थोड्या निराळ्या शब्दांत ऐकू येते. या बदलाला ‘पाठभेद’ म्हणतात. मौखिक वाङ्मयात पाठभेद हा दोष मानत नाहीत. ती रचना अनेक कंठांतून जिवंत राहिल्याची ती खूण असते.

२.२.४ भावगीत, खंडकाव्य, महाकाव्य

कवी यशवंत हे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील एक प्रमुख कवी. त्यांच्या लेखनात काव्यप्रकारांची मोठी विविधता आढळते. ‘आई’ ही त्यांची कविता ‘भावकविता’ आहे. एका क्षणाची, एका भावनेची उत्कटता हा भावकवितेचा प्राण असतो; तिच्यात गेयता प्रधान झाली की ती ‘भावगीत’ होते. ‘जयमंगला’ (१९३१) मध्ये त्यांनी भावगीतांची मालिका गुंफून प्रेमकथा सांगितली. ‘बंदिशाळा’ (१९३२) हे बालगुन्हेगारांच्या जीवनावरील दीर्घ काव्य आहे. जीवनाच्या एका खंडाचे, मर्यादित कथानकाचे पद्यमय चित्रण करणाऱ्या रचनेला ‘खंडकाव्य’ म्हणतात. ‘छत्रपती शिवराय’ (१९६८) हे त्यांचे ‘महाकाव्य’ होय. थोर नायक, विस्तृत कालपट, अनेक प्रसंग आणि भारदस्त शैली ही महाकाव्याची लक्षणे सांगितली जातात.

लांबी हा या तिन्हींतील खरा भेद नाही. भावकविता क्षणात खोल उतरते, खंडकाव्य एका प्रसंगमालिकेचा वेध घेते, महाकाव्य एका युगाला कवेत घेऊ पाहते. भेद दृष्टीच्या आवाक्याचा आहे.

२.२.५ घटना, कथानक आणि निवेदक

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. ही ‘घटना’ आहे. आता विवेचनासाठी कल्पिलेली पुढील दोन वाक्ये वाचा.

(१) भूकंपात म्हातारीचे घर पडले आणि काही दिवसांनी ती गाव सोडून गेली.
(२) भूकंपात म्हातारीचे घर पडले. पण तिने गाव सोडले ते घर पडले म्हणून नव्हे, हाक मारायला शेजारीण उरली नाही म्हणून.

पहिल्या वाक्यात घटना काळाच्या क्रमाने आल्या आहेत. दुसऱ्या वाक्यात त्यांना कारणाचा धागा मिळाला आणि त्या धाग्याने म्हातारीचे मन उघड झाले. कार्यकारणाने बांधलेल्या घटनांच्या या गुंफणीला ‘कथानक’ म्हणतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये हा भेद मांडला आणि तो आजही उपयुक्त ठरतो.

कथा जो सांगतो तो ‘निवेदक’. निवेदक म्हणजे लेखक, असे समजणे ही अभ्यासकांच्या हातून वारंवार होणारी गल्लत आहे. सांगली जिल्ह्याशी नाते असलेल्या तीन लेखकांच्या कृतींवरून हा भेद स्पष्ट होईल.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत ‘मी’ बोलतो. पण हा ‘मी’ म्हणजे धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेला राजाराम हा तरुण मास्तर आहे. तो कादंबरीतील एक पात्र आहे. हे ‘प्रथमपुरुषी निवेदन’ होय. वाडी आपल्याला दिसते ती राजारामाला जेवढी कळते तेवढीच.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) मध्ये निवेदक कथेबाहेर उभा राहून सर्व पात्रांचे सांगतो. हे ‘तृतीयपुरुषी निवेदन’. गावाने ज्याला गुन्हेगार ठरवले असते, त्याची बाजू सांगायला असा निवेदक लागतो, कारण त्याला सरकार, गावकरी आणि फकिरा अशा सर्वांच्या मनात शिरता येते.

आटपाडीच्या शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे ‘आत्मचरित्र’ आहे. येथे लेखक, निवेदक आणि चरित्रनायक ही तिन्ही एकच व्यक्ती असते आणि सांगितलेले खरे आहे असा अलिखित करार ती वाचकाशी करते. तिन्ही कृती वाचताना ‘हे कोण सांगत आहे?’ असा प्रश्न आधी विचारा. ‘लेखकाच्या मते’ आणि ‘निवेदकाच्या मते’ या दोन शब्दप्रयोगांत किती अंतर आहे, ते तुमच्या लक्षात येईल.

२.२.६ संहिता आणि प्रयोग

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदांतून कथा सांगे आणि पात्रे प्रसंगानुसार आयत्या वेळी भाषणे करीत. नाटकाच्या लिखित रूपाला ‘संहिता’ आणि रंगमंचावरील सादरीकरणाला ‘प्रयोग’ म्हणतात. भाव्यांच्या काळी प्रयोग भरगच्च होता आणि संहिता तोकडी. पुढे नाटककार संवाद लिहू लागले आणि नाटक वाचण्याचाही विषय झाले. म्हणून नाटकाचा अभ्यास करताना केवळ संवाद पाहू नयेत. रंगसूचना, प्रवेश, नेपथ्य आणि मौनाच्या जागाही पाहाव्यात.

२.२.७ शब्दशक्ती, रूपक आणि प्रतीक

शब्दाला अर्थ देण्याच्या तीन शक्ती भारतीय काव्यशास्त्राने सांगितल्या आहेत.

अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ, कोशातील अर्थ सांगणारी शक्ती. ‘पाटण हे तालुक्याचे ठिकाण आहे’ या वाक्यात ती पुरेशी आहे. लक्षणा तेव्हा काम करते, जेव्हा सरळ अर्थ जुळत नाही. ‘१९४२ मध्ये सातारा पेटला’ या वाक्यात आग लागलेली नाही. साताऱ्यातील माणसे चळवळीत उतरली, असा अर्थ आपण घेतो. व्यंजना या दोहोंपलीकडचा अर्थ सुचवते. सरळ अर्थ अबाधित असतो आणि त्याच्या आडून दुसरा अर्थ उमलतो. त्याला ‘व्यंग्यार्थ’ म्हणतात.

व्यंजनेचे सामर्थ्य समजण्यासाठी सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ (१९०७) हे नाटक पाहू. त्याचे कथानक महाभारतातील विराटपर्वातले आहे. मत्त कीचक सैरंध्रीच्या रूपात राहणाऱ्या द्रौपदीचा अपमान करतो आणि भीम त्याचा वध करतो. संहितेत समकालीन राजकारणाचा उच्चार नाही. तरीही प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पारतंत्र्यातील भारत, सबुरी सांगणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले. एक संपूर्ण कथा अशी दुसऱ्या कथेला समांतर चालते, तेव्हा तिला ‘रूपक’ किंवा ‘रूपकात्मक रचना’ म्हणतात. (अलंकारशास्त्रातील ‘रूपक’ अलंकार हा यापेक्षा मर्यादित अर्थाचा आहे, त्यात उपमेय आणि उपमान एकरूप मानलेले असतात.) १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने या नाटकावर बंदी घातली. विचार करा, बंदी कशावर आली? वाच्यार्थावर ती येऊ शकत नव्हती, कारण तो पुराणातला होता. बंदी आली ती व्यंग्यार्थावर. शब्दशक्तींचा विचार केवळ पाठ्यपुस्तकातला नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागणार नाही.

रूपक आणि ‘प्रतीक’ यांत भेद आहे. रूपकात बहुधा एकास एक अशी जोडी लावता येते. प्रतीक अनेक अर्थ एकाच वेळी सुचवते. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. तिच्यातील मैना ही मुंबईला आलेल्या कष्टकऱ्याची गावी राहिलेली पत्नी आहे आणि त्याच वेळी महाराष्ट्रापासून तुटू पाहणारी भूमीही आहे. यातील एक अर्थ खरा आणि दुसरा मुखवटा, असे म्हणता येत नाही. विरह दोन्हींचा आहे. म्हणून मैना हे प्रतीक ठरते.

२.२.८ रस

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’नुसार विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. एक उदाहरण घेऊ. माथाडी कामासाठी मुंबईला निघालेल्या मुलाला निरोप द्यायला आई पाटणच्या एस.टी. स्थानकावर आली आहे. मुलगा हा ‘आलंबन विभाव’; सुटायला आलेली गाडी, संध्याकाळ, पावसाची झड हे ‘उद्दीपन विभाव’; आईचे डोळे पुसणे, भाकरीचे गाठोडे पुन्हा पुन्हा चाचपणे हे ‘अनुभाव’; चिंता, आठवण, क्षणभराचा अभिमान हे येऊन-जाऊन असणारे ‘व्यभिचारी भाव’. या साऱ्यांनी शोक हा ‘स्थायी भाव’ परिपुष्ट झाला, तर वाचकाला करुण रसाची प्रतीती येते. ‘आईला फार वाईट वाटले’ असे नुसते सांगितल्याने मात्र रस निर्माण होत नाही. भरताने आठ रस मानले. पुढे शांत हा नववा रस स्वीकारला गेला.

२.२.९ रामदासांच्या काव्यविषयक संज्ञा

संज्ञा बाहेरूनच याव्या लागतात असे नाही, हे दाखवणारा भाग ‘दासबोधा’त आहे. चौदाव्या दशकातील तिसऱ्या समासात रामदासांनी कवित्वाचे तीन प्रकार सांगितले. जे मनात आले ते बळेच रचले, ते ‘ढीट’. अनेक ग्रंथ पाहून, पाठांतर करून त्यांच्यासारखेच उतरवले, ते ‘पाठ’. भक्ती आणि वैराग्य यांनी व्यापलेल्या अंतःकरणातून जे सहज प्रकटते, ते ‘प्रासादिक’. या संज्ञांमागे रामदासांची परमार्थदृष्टी आहे, ती विसरून चालणार नाही. पण प्रेरणा, अनुकरण आणि उत्स्फूर्तता या तीन गोष्टींचे वर्गीकरण मराठीत, ओवीत, सतराव्या शतकात झाले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. भुजंगप्रयात वृत्ताच्या एका चरणात किती अक्षरे असतात?
२. ‘बनगरवाडी’चा निवेदक कोण आहे?
३. ‘कीचकवधा’वरील बंदी कोणत्या अर्थामुळे आली?
४. रामदासांनी कवित्वाचे कोणते तीन प्रकार सांगितले?

(उत्तरे : १. बारा. २. राजाराम हा तरुण मास्तर. ३. व्यंग्यार्थामुळे. ४. ढीट, पाठ व प्रासादिक.)

२.३ सारांश

वाङ्मय ही संज्ञा लिखित आणि मौखिक दोन्ही रचनांना सामावून घेते. आशय व अभिव्यक्ती यांच्या एकजिवातून घाट सिद्ध होतो. वृत्त आणि छंद यांची निवड हेतूशी जोडलेली असते. भावकविता, खंडकाव्य आणि महाकाव्य यांतील भेद दृष्टीच्या आवाक्याचा आहे. कार्यकारणाने बांधलेल्या घटनांतून कथानक घडते. निवेदक हा लेखकाहून वेगळा असू शकतो. संहितेला प्रयोगाची जोड असते. व्यंजना, रूपक व प्रतीक यांमुळे साहित्य बोललेल्याहून अधिक सांगते; विभावादींच्या संयोगातून रसाची प्रतीती येते.

विद्यार्थी मित्रहो, रामदासांचे वर्गीकरण आपल्या उत्तरपत्रिकेलाही लावून पाहता येईल. मूळ कृती न वाचता सुचेल ते लिहिलेले उत्तर ‘ढीट’ असते. मार्गदर्शक पुस्तकातून उतरवलेले उत्तर ‘पाठ’ असते. ‘या कवितेत प्रतिमा, प्रतीक आणि करुण रस आहे’ असे वाक्य न वाचलेल्या कवितेविषयीही लिहिता येते, आणि तेथेच संज्ञा निरुपयोगी ठरते. कोणती प्रतिमा, कोणत्या ओळीत, तिने काय साधले, हे कृतीकडे बोट दाखवून सांगितले तरच संज्ञा वापरली असे म्हणता येईल.

२.४ स्वाध्याय

१. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांतील साम्यभेद स्पष्ट करा.
२. लेखक आणि निवेदक यांतील फरक तुम्ही वाचलेल्या दोन कादंबऱ्यांच्या आधारे लिहा.
३. रूपक आणि प्रतीक या संज्ञांचे सोदाहरण विवेचन करा.

उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या वयस्कर स्त्रीकडून जात्यावरच्या पाच ओव्या ऐका आणि तिच्या उच्चाराप्रमाणेच उतरवून घ्या. शब्द ‘शुद्ध’ करू नका. त्याच ओव्या दुसऱ्या गावातील स्त्रीकडून मिळतात का ते पाहा, पाठभेद नोंदवा आणि कोणत्या ओवीत कोणता भाव व्यक्त झाला आहे याविषयी प्रत्येकी चार ओळी लिहा. हे टिपण अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सोबत आणा.